हजारो की शेकडो? ओर्का मोजणाऱ्या माणसाची गोष्ट

पीएचडीच्या पहिल्या वर्षात एक प्रश्न सगळ्यांना छळतो: माझा डेटा पुरेसा आहे का? आज अशा माणसाबद्दल सांगते, ज्याच्यासमोर सुरुवातीला फक्त लोकांचे अंदाज होते.

कॅनडाचा पश्चिम किनारा नकाशावर बघा. व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकाकडे गेलात की रस्ते संपत जातात. उरतात बेटं, धुकं आणि डोंगरात खोल शिरलेल्या खाड्या. फिरायचं तर होडीनंच. उन्हाळ्यात सॅमन माशांच्या मागे इथे ओर्का, म्हणजे किलर व्हेल, येतात. तिथल्या कोळ्यांना ते आपला मासा पळवणारे वाटत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी मत्स्य खात्यानं सेमूर नॅरोज या चिंचोळ्या सामुद्रधुनीपाशी त्यांच्यासाठी चक्क मशीनगन बसवली होती! (ती कधी झाडली गेली नाही.) पुढे मत्स्यालयांकडून मागणी आली आणि तेच ओर्का जिवंत पकडून विकणं सुरू झालं. हजारो आहेत, थोडे नेले तर काय बिघडलं, असा समज. मोजलं मात्र कुणीच नव्हतं.

हे काम नानायमोच्या पॅसिफिक बायोलॉजिकल स्टेशनमधल्या मायकेल बिग यांच्याकडे आलं. त्यांनी दीपगृहाचे रखवालदार, कोळी, होडीवाले अशा लोकांना सुमारे १५,००० प्रश्नावल्या वाटल्या. २६ जुलै १९७१ रोजी किती ओर्का दिसले, कुठे दिसले, एवढंच लिहायचं. एकच दिवस का? कारण आज इथे दिसलेला कळप उद्या पन्नास मैलांवर पुन्हा मोजला गेला तर आकडा फुगतो. अंदाज निघाला २०० ते ३५०.

आता हा आकडा पक्का कसा करायचा? बिग आणि त्यांचे सहकारी छोट्या मोटरबोटी घेऊन जॉनस्टोन सामुद्रधुनीत जाऊ लागले. एका ओर्काचा पाठीवरचा पर तुटून खुंटासारखा झाला होता, म्हणून त्याचं नाव पडलं स्टब्स. तो परत परत त्याच सोबत्यांबरोबर दिसायचा. बाकीच्यांच्या परांवरही बारीक खाचा होत्या आणि परामागचा खोगिरासारखा करडा डाग प्रत्येकाचा वेगळा. म्हणजे फोटोवरून ओळख पटते! मग शिस्त ठरली: होडी समांतर चालवायची, शक्यतो डाव्या बाजूचाच फोटो घ्यायचा. डावी-उजवी मिसळली तर एकाचे दोन ओर्का होतात. पुढचं काम किनाऱ्यावर, कृष्णधवल निगेटिव्ह एकेक करून जुळवत बसायचं. स्टब्सला क्रमांक मिळाला ए१. आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरही डॉल्फिन असेच परांवरून ओळखतात.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. यादीत काही ओर्का बसेनात. दोन-चार जण मिळून फिरायचे, मोठ्या कळपांत मिसळायचे नाहीत. हे कळपातून हाकललेले असावेत, असं बिग यांनाही आधी वाटलं. तुम्ही-आम्हीही 'आउटलायर' म्हणून पुढे गेलो असतो. पण वर्षानुवर्षं फोटो जमल्यावर कळलं की हा वेगळाच समाज आहे. मासे खाणारे ते 'रेसिडेंट', आणि हे सील व इतर सागरी सस्तन प्राणी खाणारे 'ट्रान्झियंट'. मग एका जुन्या कोड्याचाही उलगडा झाला. १९७० साली व्हिक्टोरियाजवळ पेडर बे इथे पाच ओर्का पकडले होते. त्यातल्या जाळ्यात कोंडून ठेवलेल्या तिघांनी अडीच महिने मासा खाल्लाच नाही. एक मेला, तेव्हा कुठे उरलेल्यांनी मासा तोंडात घेतला. मासा हे त्यांचं अन्नच नव्हतं, आणि हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मी माझी एक्सेल फाईल परत उघडली. पहिल्या वर्षी रेषेपासून लांब पडलेले चार नमुने मी निमूटपणे वगळले होते. दोन खरोखरच चुकीच्या नोंदी निघाल्या. दोन परत घेतले आणि गाईडची बोलणी खाल्ली.

१९७६ नंतर बिग यांना खात्यानं दुसरी कामं दिली. ओर्कांचं काम ते सुट्टीच्या दिवशी, फावल्या वेळात करत राहिले. १९८७ साली सहकाऱ्यांबरोबर ओळखयादीचं पुस्तक काढलं आणि १९९० मध्ये ते गेले. ट्रान्झियंटना आता 'बिग्ज किलर व्हेल' म्हणतात. २०२४ मध्ये काही संशोधकांनी त्यांना स्वतंत्र प्रजाती मानावं असा प्रस्ताव मांडला, ओर्सिनस रेक्टिपिनस. तो पेपर काढून वाचा, खास करून कवट्यांच्या मोजमापाचा भाग.