सामान्य शिक्षणाचा तास कोणाचा?

गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्ड विद्यापीठात शिकत असताना त्यांचे गणिताचे प्राध्यापक जॉर्ज बर्कहॉफ यांना वाटे, की या मुलाने गणितावरच लक्ष एकवटावे. कोसंबींनी भाषा आणि इतर विषयही घेतले आणि १९२९ साली पदवी मिळवली. पुढे प्राचीन नाण्यांच्या अभ्यासाला त्यांनी गणित लावले, हे आपण जाणतोच.

पण अशी जिज्ञासा प्रत्येकाकडे नसते. बाकीच्यांचे काय, याचा विचार हार्वर्डच्या अध्यापकांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केला. अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी नेमलेल्या समितीचा अहवाल १९४५ साली आला. विद्यार्थी पुढे वकील होवो की अभियंता, मानव्यविद्या, समाजशास्त्रे आणि विज्ञान या तिन्हींची ओळख त्याला हवी, असे त्यात म्हटले होते.

यावर विषयतज्ज्ञांचा नेहमीचा आक्षेप असा, की सगळ्याचे थोडेथोडे शिकवले तर काहीच नीट येत नाही. कोनंट मूळचे रसायनशास्त्रज्ञ. ते स्वतः वर्गावर उभे राहिले. विज्ञानशाखेबाहेरच्या मुलांना त्यांनी सूत्रे पाठ करायला लावली नाहीत. एखादा शोध प्रत्यक्षात कसा लागला, हे शिकवले. या तासांच्या तयारीसाठी पदार्थविज्ञानाचे संशोधक विद्यार्थी थॉमस कून मदतीला आले. त्यासाठी १९४७ साली त्यांनी ॲरिस्टॉटल वाचायला घेतला आणि विज्ञानाचा इतिहास हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. वैज्ञानिक क्रांतीवरचे १९६२ सालचे आपले प्रसिद्ध पुस्तक त्यांनी कोनंट यांनाच अर्पण केले. म्हणजे या वर्गाने विद्यार्थ्यांबरोबर शिकवणाऱ्यालाही घडवले.

आपल्याकडे डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ साली तीन वर्षांच्या पदवीबरोबर सामान्य शिक्षणाचीही शिफारस केली. मेघनाद साहा आणि झाकीर हुसेन यांच्यासारखे अध्यापक त्या आयोगात होते. तीन वर्षांची पदवी पुढे रुजली; सामान्य शिक्षणाने मात्र बहुतेक ठिकाणी मूळ धरले नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा आग्रह पुन्हा धरला आहे. अभ्यासक्रम कागदावर उतरवणे त्यामानाने सोपे. तो तास विभागातल्या सर्वांत नवख्या माणसाच्या गळ्यात मारायचा, की ज्येष्ठाने आवडीने घ्यायचा, यावर त्याचे भवितव्य ठरेल. आपल्या महाविद्यालयांनी याचे उत्तर वेळापत्रक आखतानाच द्यावे.