कापसाच्या पिशवीवरील नावे कशी वाचावीत?

जून उजाडला की जालन्यातील कृषी सेवा केंद्रांत एकच प्रश्न ऐकू येतो : यंदा कोणते नाव? त्या नावांमागे पाच-सहा दशकांचा इतिहास आहे आणि त्यातील मोठा भाग याच शहराशी निगडित आहे.

प्रारंभी नावे रुक्ष, पण बोलकी होती. १९७० मध्ये सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. त्याचे नाव केवळ 'एच-४', म्हणजे हायब्रिड-४. नांदेडच्या केंद्राचा 'एनएचएच-४४', अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाचा 'पीकेव्ही हायब्रिड-२'. वाण कोठे जन्मला, हे आद्याक्षरेच सांगत.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात 'महिको'ची स्थापना केली. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी कापसाला प्रथमच परवानगी दिली, ती महिकोच्या तीन वाणांना : मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४. बोंडअळी मारणारे जनुक मात्र अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचे, 'बोलगार्ड' नावाचे. येथून नावांना दोन थर आले : एक वाणाचा, दुसरा त्यात बसविलेल्या जनुकाचा. संगणकाच्या मदरबोर्डचे असेच असते. खोक्यावर भारदस्त बिरुदे, आणि तो काय करू शकतो हे ठरविणारा चिपसेट दोन-चार अक्षरांत दडलेला.

हे जनुक परवान्याने इतर कंपन्यांकडे गेले आणि नावांचा पूर लोटला. मान्यताप्राप्त बीटी वाण २००२ मध्ये ३, २००६ मध्ये ६२, २००९ मध्ये ५२२. २०१२ पर्यंत हजारावर. शिवाय जाहिरातीतले नाव निराळे : 'बन्नी' म्हणजे कागदोपत्री 'एनसीएस-१४५', 'मल्लिका' म्हणजे 'एनसीएस-२०७'. मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांना वरंगळ जिल्ह्यात आढळले की शेतकरी दरवर्षी वाण बदलतात, तेही स्वानुभवापेक्षा शेजाऱ्याकडे पाहून. मला यात शेतकऱ्याचे अज्ञान दिसत नाही. नावच दरवर्षी नवे असेल, तर अनुभव साचणार कोठे?

जनुके मात्र मोजकीच राहिली आणि बाजार 'बोलगार्ड-२'ने व्यापला. म्हणून चार कंपन्यांच्या चार पिशव्या घेऊन जोखीम वाटून टाकली, हे समाधान निम्मेच खरे. पक्वतेचा कालावधी, बोंडाचा आकार, रसशोषक किडींना तोंड देण्याची क्षमता यांत फरक असतो. बोंडअळीपुढे चारही पिशव्या एकच. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यात आणि विदर्भात ते दाखवून दिले. नाव कोणतेही असो, बोंडे किडली.

तेव्हा पिशवी हाती आली की मोठ्या अक्षरांआधी बारीक अक्षरे वाचावीत : वाणाचा मूळ क्रमांक, 'बीजी-२' ही नोंद, उगवणशक्ती (किमान ७५ टक्के), चाचणीची तारीख, वैधतेची मुदत. वाण किती दिवसांत पक्व होतो, हेही विचारून घ्यावे. गुलाबी बोंडअळी उशिरापर्यंत उभ्या राहिलेल्या कापसावरच पोसली जाते.