पाइप वरूनच का झिजतो?

सोलापुरात ड्रेनेजचं झाकण उघडलं की सडक्या अंड्यांचा वास येतो ना? तो हायड्रोजन सल्फाइड. गंमत बघा: पाणी वाहतं तळाशी, पण काँक्रीट भुसभुशीत होतं वरच्या बाजूला. अशी झीज लॉस एंजेलिसमध्ये १९०० सालीच नोंदली गेली होती. दोष मात्र बरीच वर्षं नुसत्या रसायनाला दिला गेला. १९४५ मध्ये मेलबर्नच्या सी. डी. पार्कर यांनी त्यामागचा जिवाणू वेगळा केला. नाव दिलं थायोबॅसिलस काँक्रीटिव्होरस, चक्क काँक्रीटखाऊ! खरं तर तो जगतो गंधकावर. गाळातले जिवाणू वायू सोडतात, छतावरचे त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि सिमेंटचं होतं जिप्सम. आपल्या चाळिशीपारच्या उन्हाळ्यात हे आणखी वेगानं.

इपॉक्सीचा लेप आम्ल नुसतं अडवतो. भोक पडलं की संपलं. तांबं, चांदी, जस्त घातलेला लेप जिवाणूंनाच मारतो. पण ते धातू सुटून शुद्धीकरण केंद्रात गेले, तर तिथल्या कामाच्या जिवाणूंचं काय? लॉस एंजेलिसमध्ये मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड फवारतात. त्यात विष नाही, पण थर पुन्हापुन्हा द्यावा लागतो.

म्हणून लेप किती टिकतो, हे मी आधी विचारतो. दुरुस्तीला आत माणूस उतरतो, आणि हाच वायू त्याचा जीव घेतो.