वाडा बांधला कुणी ते पाठ आहे, शाकारला कुणी?

शनिवारवाडा बांधायला १६,११० रुपये लागले, हे आपल्याकडे शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. तारखा पाठ, आकडा पाठ. पण त्यानंतर १८२८ च्या आगीपर्यंत जवळजवळ शंभर पावसाळे त्या वाड्यानं काढले. दर उन्हाळ्यात वर कोण चढलं, फुटकी कौलं कुणी बदलली, कुजलेला वासा कुणी उतरवला, आणि त्याचे पैसे कुठल्या खात्यातून गेले, हे आपल्याला कुणी विचारत नाही आणि आपणही विचारत नाही. आपला इतिहास पायाभरणीचा आहे, डागडुजीचा नाही.

हे आज लिहायचं कारण सरळ आहे. मे संपत आलाय. नगरपालिका कायद्याच्या कलम १९५ खाली 'आपली इमारत धोकादायक स्थितीत असून...' अशा नोटिसा जुन्या दारांवर चिकटायचे हेच दिवस. राज्यातल्या कुठल्याही जुन्या गावात जा, जून उजाडला की ही नोटीस दिसणारच. पहिला मोठा पाऊस झाला की कुठं तरी एखादी भिंत बसते, आम्ही पत्रकार फोटो काढतो, 'जीर्ण वाड्याची भिंत कोसळली' अशी दोन कॉलमी बातमी देतो. मी स्वतः अशा कितीतरी बातम्या दिल्यात. भिंत पावसानं पडली असं आम्ही लिहितो. खरं तर ती पंचाहत्तर वर्षांपासून पडत असते. तोच हिशेब आज मांडतोय.

आधी माझं स्वतःचं सांगतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की हा बाहेरून शहाणपणा शिकवतोय. वाईतल्या एका जुन्या वाड्यात मी सव्वादोन खणांचा वाटेकरी आहे. मालमत्ता पत्रकावर नावं किती हे मोजायचं आम्ही सोडून दिलंय. निम्मी माणसं पुण्या-मुंबईत, दोन घरं परदेशात. पावसाळ्यात पहिली बादली ठेवायची ती आमच्या माजघरात, आणि फोन करायचा तोही मीच.

आता वाडा म्हणजे काय ते बघू. काळ्या दगडाचं जोतं. त्यावर सागवानी खांब आणि तुळया, म्हणजे घराचा सांगाडा लाकडाचा. खाली दगड किंवा भाजलेली वीट, वरच्या मजल्याला पांढरी माती नाहीतर कच्ची वीट. त्यावर चुन्याचा नाहीतर शेणमातीचा लेप. वर उतरतं कौलारू छप्पर, मधे चौक. लाकूड, माती, चुना ह्या तिन्ही गोष्टी जिवंत असल्यासारख्या वागतात. पावसाळ्यात ओल घेतात, उन्हाळ्यात सोडतात. डोकं आणि पाय कोरडे राहिले तर असं घर दोनशे वर्षं उभं राहतं. पाणी आत शिरलं आणि तिथंच मुरलं, तर पाच-सात पावसाळ्यांत त्याची माती होते.

आपल्या जुन्या लोकांना पाण्याची ही गोष्ट चांगली ठाऊक होती. आमचा ढोल्या गणपती बघा. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी कृष्णेच्या घाटावर बांधलेलं देऊळ. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. पाण्याशी भांडायचं नाही, त्याला वाट द्यायची. वाड्याची वळचण, पन्हळ, चौकातली मोरी हे सगळं त्याच अकलेतून आलेलं आहे.

पण वाट नुसती बांधून भागत नाही, ती दरवर्षी मोकळी करावी लागते. चैत्र-वैशाखात शाकारणी. जुनी अर्धगोल कौलं वारा, माकडं, मांजरं यांनी सरकायची. ती सगळी उतरवायची, झाडायची, फुटकी काढायची, कुंभाराकडनं नवी आणायची, परत रचायची. रिपा-वासे ठोकून बघायचे. पन्हळीतला पाला काढायचा. भिंतीत उगवलेला पिंपळ मुळासकट उपटायचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांच्या तटावर वाढणारी झाडं वेळच्या वेळी काढण्याची ताकीद आहे. स्वराज्य सांभाळणारा माणूस तटातल्या रोपट्याकडे लक्ष द्या म्हणतो, कारण रोपटं आज नखाएवढं असतं आणि उद्या चिरा हलवतं. शिवकाळाच्या कारभारात बारा महाल सांगितलेत, त्यात 'इमारत' हा एक स्वतंत्र महाल होता. म्हणजे बांधकाम हे एकदा करून विसरायचं काम नव्हतं, ते कायमचं खातं होतं.

मग खासगी वाड्यांचा खर्च कुठनं यायचा? सरदाराला सरंजाम होता, ब्राह्मणाला इनाम होतं, देशमुख-देशपांड्यांना वतन होतं. शेतातलं धान्य वाड्यात यायचं, आणि त्याच धान्यातून सुतार, लोहार, कुंभार यांचं बलुतं जायचं. इथं एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. 'पूर्वी कसं सगळं टिकायचं' म्हणून आपण उसासे टाकतो, पण ते टिकायचं याचं एक कारण म्हणजे राबणाऱ्यांचे हात स्वस्त होते. पिढ्यान्‌पिढ्या जातीनं बांधलेले होते. कुंभारानं कौल द्यायचं आणि सुतारानं वासा बसवायचा, त्याचा मोबदला सुगीला जे पदरात पडेल ते. आज सुतार हजेरी मागतो आणि रोख मागतो, तो त्याचा हक्क आहे. वाड्याचा खर्च आज 'वाढला' असं नाही. तो पहिल्यांदाच पूर्ण मोजला जातोय.

१८१८ ला पेशवाई गेली, १८४८ ला साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामांची कागदपत्रं तपासली जाऊ लागली. ज्यांना पुरावा देता आला नाही त्यांची इनामं गेली. वाड्याखालची पहिली जमीन तेव्हा सरकली. त्याच काळात एक सोयही आली. १८६५ ला मंगळुरात बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला. ती चपटी, एकमेकांत अडकणारी कौलं हळूहळू आपल्याकडे पोचली. ती सहजी सरकत नसल्यानं दरवर्षीची शाकारणी हलकी झाली. आणि माझ्या मते छपराकडे बघायची सवय सुटायला सुरुवात तिथंच झाली.

उत्पन्न आटलं तसे मालकांनी सोपे, माड्या, खोल्या भाड्यानं द्यायला काढल्या. शिक्षक आले, कारकून आले, शिंपी आले, दुकानदार आले. एका वाड्यात दहा-दहा बिऱ्हाडं. त्या भाड्यावर वाडे काही काळ सावरले.

मग १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. त्यानं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवलं. कायद्यामागचं कारण खोटं नव्हतं. महायुद्ध नुकतंच संपलेलं, फाळणीनं लोंढे आलेले, घरं नव्हती, मालक मनाला येईल ते भाडं मागत होते. गरीब भाडेकरूला छप्पर मिळालं ते या कायद्यामुळेच. पण त्याच कायद्यानं इमारत दुरुस्त ठेवायची जबाबदारी मालकावर ठेवली. म्हणजे खर्च चालू काळाचा आणि उत्पन्न १९४० चं. लगेच पुढं कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या 'कृषक दिना'नं कसणारा जमिनीचा मालक झाला. हेही न्यायाचंच होतं. पण वाड्याच्या बाजूनं पाहिलं तर दहा वर्षांत धान्यही थांबलं आणि भाडंही थिजलं. दोन्ही कायदे योग्य कारणासाठी झाले, फक्त छपराचं काय हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नाही.

मुंबईत हा प्रश्न विचारला गेला, कारण तिथं चाळी कोसळून माणसं मरत होती. १९६९ ला कायदा करून इमारत दुरुस्ती मंडळ आलं. उपकर घ्यायचा आणि त्यातून जुन्या इमारती दुरुस्त करायच्या. ती योजना कशी चालली यावर वाद घाला, पण योजना तरी होती. ती मुंबई शहरापुरती. वाई, पैठण, पंढरपूर, चांदवड, सासवड इथल्या वाड्यांना तसलं मंडळ कधी मिळालं नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या माडीवरची एक तिरकी भेग तेव्हाची, असं काका सांगायचे. ती बुजवायची कुणी यावर मालक-भाडेकरूंचं जे सुरू झालं ते काका जाईपर्यंत मिटलं नाही. मालक म्हणायचा, पंधरा रुपये भाड्यात भिंत बांधू? भाडेकरू म्हणायचा, मालक तुम्ही, मी कशाला खर्च करू? दोघांचंही बरोबर होतं. पाणी मात्र भेगेतून आत जात राहिलं.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की अशी गोठवलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत. मग १९९९ चा नवा भाडेनियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला चार टक्के भाडेवाढ. ऐकायला बरं वाटतं. हिशेब करा. पंधरा रुपये भाडं, दरसाल चार टक्के, चक्रवाढीनं धरलं तरी पंचवीस वर्षांनी होतात चाळीस रुपये. चाळीस रुपयांत सुताराचा चहा-नाश्ता होतो.

आणि १९९३ ला किल्लारी. जड दगडमातीच्या भिंती आणि धाब्यांखाली झोपेत माणसं गेली. त्यानंतर मातीच्या घराची भीती सगळ्या महाराष्ट्राच्या मनात बसली, आणि ती समजण्यासारखीच होती. पण त्या भीतीतून आपण एक घाईचा निष्कर्ष काढला, की सिमेंट म्हणजे मजबूत.

इथं माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो. आमच्या माजघराच्या मातीच्या भिंतीला ओल यायची. पापुद्रे पडायचे, पाहुण्यांसमोर लाज वाटायची. मी हौसेनं सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन वर्षं भिंत आरशासारखी. मग ओल हातभर वर चढली, कारण पूर्वी चुन्यातून श्वास घेऊन सुकणारी भिंत आता आतल्या आत भिजत होती. परवा तो गिलावा फोडला तर आतली माती हातानं निघाली, आणि तिच्यात टेकलेल्या खांबाचा पाय वाळवीनं पोखरलेला. म्हातारे सुतारमामा काही बोलले नाहीत. त्यांनी किकरं खांबात घातलं, ते मुठीपर्यंत गेलं, आणि त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

जुना चुना असा नव्हता. बैलाच्या घाणीत वाळूबरोबर दळायचा, भिजवून ठेवायचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालायचं. वेळखाऊ काम. आज ते करणारी माणसं शोधावी लागतात, आणि मिळाली की मोठ्या शहरातल्या जीर्णोद्धाराच्या कामावर असतात. आमच्या दोन खणांचं छप्पर, एक खांब आणि एका भिंतीला चुना, एवढ्याचा अंदाज एक लाख चाळीस हजार आला. वाटेकऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. पैसे तिघांनी पाठवले.

मग पाडून टाकावा का? पाडणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. ज्याच्या घरात म्हातारी आई त्या तुळईखाली झोपते त्याला वारसा शिकवणं सोपं नाही. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यासारखं सगळ्यांचं नशीब नसतं, तिथं सिनेमावाले येतात. आपल्या वाड्यात फक्त पाणी येतं.

पण दोन गोष्टी मागता येतात. एक, धोकादायक ठरवणाऱ्या नोटिशीबरोबर दुरुस्तीचा रस्ताही मिळावा. कोणता भाग धोक्याचा आणि कोणता धड, हे जाणकारानं वाड्यात येऊन सांगावं. जो मालक किंवा भाडेकरू जुनं घर नीट ठेवतो त्याला घरपट्टीत सूट मिळावी. मुंबईला दुरुस्ती मंडळ मिळतं तर लहान गावांसाठी निदान एक छोटा निधी असावा. दोन, मालक आणि भाडेकरू यांनी कोर्टातला वाद कोर्टात ठेवून छपरापुरतं तरी एक व्हावं. पाऊस डोक्यावर पडताना मालक कोण ते विचारत नाही.

आणि या आठवड्यात, पैसे नसले तरी होणारी कामं करा. पन्हळीतला पाला काढा. भिंतीतलं पिंपळाचं रोप मुळासकट काढा. जोत्यालगत साचणाऱ्या पाण्याला उतार द्या. सरकलेलं कौल जागेवर बसवा. आणि तुळई करकरत असेल, भिंतीला पोट आलं असेल, तर आजच त्या खोलीतून अंथरूण हलवा. वारसा नंतर बघू, माणूस आधी.

आमच्याकडं परवापासून शिडी लागलीय. खांबाचा कुजलेला पाय कापून नवा सागवानी तुकडा जोडायचं काम चाललंय. सुतारमामांनी विचारलं, "ह्याच्यावर तारीख घालू का?" मी म्हटलं, घाला. बांधणाऱ्याचं नाव दरवाज्यावर आहेच. शाकारणाऱ्याचंही कुठंतरी असू दे.

तुमच्या वाड्यात, तुमच्या जुन्या घरात यंदा काय काम काढलंय, किती खर्च आला, चुन्याचं काम करणारं कुणी माहीत आहे का, खाली लिहा. कुणाला तरी उपयोग होईल. पाऊस दहा-बारा दिवसांवर आलाय.