जाते आणि दाणे

श्रोतेहो, जाते कितीही मोठे असो, दाणे घालणारा हात थांबला की पीठ पडत नाही, दगड मात्र झिजतात. यंत्राला शिकवण्याच्या इतिहासातही हेच दिसते.

आधी कोठाराची गोष्ट. २००३ साली गूगलच्या अभियंत्यांनी आपली साठवणीची रीत प्रसिद्ध केली. मोठ्या फाइलचे ६४ मेगाबाइटचे तुकडे करायचे आणि प्रत्येकाच्या तीन प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवायच्या. कोणता तुकडा कुठे, याची वही मुख्य यंत्राकडे. माल मात्र थेट कोठारातून मागणाऱ्याकडे. एक यंत्र बिघडले तरी पुरवठा चालूच!

आता जात्याची. २०१२ साली कॅनडात टोरांटो विद्यापीठातील क्रिझेव्हस्की, सुट्स्केव्हर आणि हिंटन यांनी यंत्राला चित्रे ओळखायला शिकवले. चित्रे सुमारे १२ लाख. गणिताची कार्डे दोन, प्रत्येकाची स्मृती अवघी ३ गिगाबाइट. सारी चित्रे तिथे मावायची कशी? तेव्हा कार्डे एका घासाचे गणित करीत असताना संगणकाचा मुख्य प्रोसेसर पुढचा घास तयार ठेवी. चित्राचा तुकडा कापायचा, कधी डावे-उजवे उलटवायचे, की झाले. पाच-सहा दिवसांत शिक्षण पुरे झाले.

आज हजारो कार्डे एका तालात शिकतात. त्यांतल्या एकाचा घास उशिरा आला, तर बाकीची खोळंबतात. वीज आणि पैसा मात्र जळतच राहतो. म्हणून गुरुजी, मुलांना यंत्राची बुद्धी सांगाल तेव्हा त्याला वेळेवर दाणे पुरवणाऱ्यांचेही काम सांगा.