मूल्याधारित आरोग्यसेवा : खर्च किती, गुण किती?

रुग्णालयाने किती तपासण्या व शस्त्रक्रिया केल्या यापेक्षा त्या उपचारांनी रुग्णाच्या प्रकृतीला किती गुण आला आणि त्यासाठी किती खर्च झाला, यावर सेवेचे मोल ठरविण्याच्या पद्धतीस मूल्याधारित आरोग्यसेवा म्हणतात. मायकेल पोर्टर व एलिझाबेथ टाइसबर्ग या अमेरिकन अभ्यासकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे ही संज्ञा सर्वत्र रूढ झाली. गुण म्हणजे काय, हे रुग्णाच्या दृष्टीने ठरते. गुडघ्याची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, ही डॉक्टरांची नोंद झाली. जिना चढता येऊ लागला की नाही, हा रुग्णाचा प्रश्न असतो. म्हणूनच रुग्णकेंद्रित सेवा ही या पद्धतीची पूर्वअट मानली जाते. रुग्णाच्या गरजा, पसंती व मूल्ये यांचा आदर करणारी सेवा, अशी तिची व्याख्या अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2001 च्या अहवालात केली.

गडचिरोलीचा अनुभव

या संज्ञा प्रचारात येण्यापूर्वीच महाराष्ट्रात त्यांचा अर्थ प्रत्यक्षात उतरला होता. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. रुग्णालय बांधण्यापूर्वी त्यांनी आदिवासींना विचारले, तुम्हाला दवाखान्यात यावेसे का वाटत नाही? मोठ्या इमारतींची भीती वाटते, पांढरे कपडे पाहून प्रेताला गुंडाळायच्या वस्त्राची आठवण होते, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत, अशी उत्तरे मिळाली. त्यानुसार शोधग्राम येथे झोपड्यांच्या वस्तीसारखे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले.

नवजात बालकांच्या बाबतीत याच विचाराची कसोटी लागली. बाळंतपण घरीच होई आणि आजारी अर्भक रुग्णालयापर्यंत पोहोचत नसे. तेव्हा संस्थेने सेवाच घरी नेली. गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, त्याला ऊब देणे आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. 39 गावांत ही सेवा देण्यात आली आणि तुलनेसाठी 47 गावांतील नोंदी ठेवण्यात आल्या.

1999 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. जंतुसंसर्ग झालेल्या बालकांतील मृत्यूंचे प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आले. प्रत्येक नवजात बालकामागे खर्च होता 5.3 डॉलर. दर 18 बालकांच्या सेवेमागे एक मृत्यू टळला, म्हणजे एक जीव वाचविण्यास सुमारे 95 डॉलर लागले. मूल्याधारित सेवेला अपेक्षित असलेला हिशेब हाच : एका बाजूस परिणाम, दुसऱ्या बाजूस खर्च आणि दोहोंची काटेकोर नोंद. केंद्र सरकारने 2011 मध्ये ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू केली. बाळंतपण रुग्णालयात झाल्यास 42 दिवसांत सहा, घरी झाल्यास सात गृहभेटी तीत ठरलेल्या आहेत.

विमा योजना आणि परिणाम

गोव्यात 2016 पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीत तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबास वर्षाला अडीच लाख, तर त्याहून मोठ्या कुटुंबास चार लाख रुपयांचे संरक्षण देण्यात आले. 2018 मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत ही मर्यादा पाच लाखांची आहे. अशा योजनांत प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो. त्यामुळे खर्चाला लगाम बसतो. मात्र रुग्ण घरी गेल्यावर कसा आहे, हे त्या देयकावरून कळत नाही.

ही उणीव ओळखून राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने 2022 मध्ये आयुष्मान योजनेतील रुग्णालयांसाठी पाच निकष जाहीर केले : रुग्णाचे समाधान, पुन्हा दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण, रुग्णाच्या खिशातून झालेला खर्च, खऱ्या ठरलेल्या तक्रारी आणि रुग्णाच्या जीवनमानातील सुधारणा. पाचही निकष रुग्णाच्या बाजूने मोजावयाचे आहेत.

मर्यादा

परिणामांवर प्रतवारी ठरू लागली की गंभीर रुग्ण टाळण्याचा मोह रुग्णालयांना होऊ शकतो. म्हणून आजाराची तीव्रता, वय व आर्थिक स्थिती लक्षात घेऊनच तुलना करावी लागते. समाधान हाही पुरता निकष नव्हे. गोड बोलून चुकीचे औषध देणारा डॉक्टरही रुग्णाला आवडू शकतो. शिवाय घरी गेलेल्या रुग्णाची महिनोन्महिने विचारपूस करावयाची तर त्यासाठी माणसे लागतात आणि त्यांचे वेतन खर्चातच धरावे लागते. गडचिरोलीत हे साधले, कारण आरोग्यदूत त्याच गावात राहत होती आणि बाळ जगले की नाही, हे तिला दाराशी जाऊन पाहता येत होते.