न विचारलेले दुखणे

लढायांचा, तहांचा आणि थोर पुरुषांचा इतिहास आपण व्याख्यानमालांतून पुष्कळ ऐकला. आम्ही येथे ज्या विषयाला हात घालीत आहोत, तो घरातल्या घरातही दबक्या आवाजात निघतो. अंगावरून पांढरे जाणे, खाज, ओटीपोटात दुखणे. धुपणी, प्रदर ही या दुखण्याची आपल्याकडील जुनी नावे. नाव जुने आहे, त्या अर्थी दुखणेही जुने आहे. मग त्याला इतिहास का नसावा?

१८३६ साली पॅरिसच्या आल्फ्रेद दोने यांनी स्त्रियांच्या स्रावाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात वळवळणारा एक सूक्ष्म जीव दिसला. तोच ट्रायकोमोनास. १८९२ साली जर्मनीत आल्बर्ट डोडरलाइन यांनी दाखविले की, निरोगी योनिमार्गातही जंतू असतात. ते आम्ल तयार करतात आणि पहारेकऱ्याचे काम करतात. हा पहारा ढिला पडला की दुसरे जंतू किंवा बुरशी माजते. बुरशीवरील निस्टॅटिन हे औषध १९५० साली एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन या दोन अमेरिकन संशोधिकांनी जाहीर केले. एक न्यूयॉर्कला, दुसरी ऑल्बनीला. नमुने टपालाने ये-जा करीत. पेटंटचे उत्पन्न दोघींनी संशोधनकार्याला देऊन टाकले. १९६०च्या सुमारास ट्रायकोमोनासवर मेट्रोनिडॅझोल आले. नवऱ्यालाही ते द्यावे लागते, नाहीतर दुखणे उलटते. सारांश, नेहमीच्या अशा बऱ्याच संसर्गांवर थोड्या दिवसांचा साधा इलाज तेव्हाच हाती आला होता.

औषध निघाले; पण ते खेड्यातल्या बाईपर्यंत पोहोचले काय? याचे उत्तर आपल्याच गडचिरोलीने दिले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. निष्कर्ष १९८९ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. शंभरातील ९२ जणींना स्त्रीरोग होते, एकेकीला सरासरी तीनहून अधिक. त्यांतील निम्मा भार जंतुसंसर्गाचा. आणि आधी कधी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया किती? शंभरात अवघ्या आठ! सरकारी आरोग्यसेवा बाईकडे पाहत होती ती बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपुरती. पुढे १९९४ साली कैरोच्या परिषदेत जगाने हा प्रश्न मानला, आणि १९९७ साली भारतात प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

तरीही २०१९ साली बीडमधून काय ऐकू आले? नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांतील १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या होत्या. यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती, असे आम्ही म्हणत नाही. परंतु पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला कर्करोगाची धास्ती घालून पिशवी काढल्याच्या हकिकती तेव्हा प्रसिद्ध झाल्या. फडावर पाणी नाही, आडोसा नाही. दवाखाना गाठावा तर खाडा पडतो आणि मुकादम दंड कापतो. वर उचल फिटायची असते. ज्या दुखण्याला गोळ्या पुरल्या असत्या, त्यापायी अवयव गमावण्याची पाळी अशी येते.

कामगार चळवळीत एक गोष्ट अनुभवाने कळते. जी तक्रार कागदावर येत नाही, ती मालकाच्या लेखी नसतेच. गडचिरोलीत रोग नवा नव्हता. बाईला विचारणारे व तपासणारे कोणीतरी प्रथम आले, एवढेच नवे होते. तेव्हा मजुरीच्या दराबरोबर मागणीपत्रात ही कलमेही आली पाहिजेत: हंगामात फडावर स्त्री-डॉक्टरची फेरी, तपासणीच्या दिवसाचा खाडा माफ, आणि पिशवी काढण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला. या मागण्या बायांनी स्वतः मांडाव्यात. त्या मांडताना सभेतील पुरुषांनी माना खाली घालू नयेत.